घोंगड्याखालचं थेटर

माघ लागला की आमच्या विट्याच्या रस्त्यानं कडब्याच्या गाड्या जायला लागतात. जतकडून, आटपाडीकडून येतात त्या. ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंना पेंढ्या इतक्या बाहेर आलेल्या असतात की माझ्या दुकानाच्या पाटीला घासत जातात. 'झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे फॉर्म मिळतील' अशी ती पाटी आहे. त्यातलं 'लॅमिनेशन' गेल्या काही सुग्यांत निम्मं पुसलं गेलंय. गाडी पुढं जाते आणि मागं राहिलेला वास दुकानात शिरतो. वाळल्या ज्वारीचा, जरासा गोड, जरासा धुळीचा. तो आला की माझ्या तोंडात काही कारण नसताना एक शब्द येतो, सोळम्. तमिळमध्ये ज्वारीला सोळम् म्हणतात. समोर उभ्या असलेल्या माणसाला रेशनकार्डाच्या दोन प्रती हव्या असतात. त्याला हा शब्द सांगून काही उपयोग नसतो, म्हणून मी तो गिळून टाकतो आणि मशीनचं झाकण उघडतो.

असे कितीतरी शब्द मी रोज गिळतो. माणसाला एखादी भाषा येत असावी आणि ती बोलायला आसपास कुणीच नसावं, हा एकटेपणा कुणाला सांगावा तर तोही सांगता येत नाही. सांगितला तर लोक म्हणतात, "मग बोल की काहीतरी, ऐकू तरी दे." मग मी बाजारात अस्वल नाचवल्यासारखी दोन वाक्यं बोलून दाखवतो, ते हसतात, आणि मी आणखी एकटा होतो. माझी बायको शमा मिरजेची. ती म्हणते, "तुम्ही झोपेत कायतरी बडबडता, पण भांडताय का गाताय तेच कळत नाही."

मी विट्याचा खरा, पण पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं ते तमिळ. आमच्या भागातली माणसं सोनं गाळायला देशभर गेली. अब्बा मदुराईला गेले. जुने दागिने मुशीत वितळवून त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं, हा गलाईचा धंदा. एका बोळात आमची भट्टी होती आणि बोळाच्या तोंडाशी माझी शाळा. तिथं मला सगळे 'सेट्टू' म्हणत. उत्तरेकडून आलेला सोन्यातला कुठलाही माणूस तिथं सेट्टूच असतो. सुट्टीत गावी आलो की इथली पोरं "मद्रासी आला रं" म्हणून मागं लागत. दस्तगीर हे माझं नाव दोन्हीकडं फारसं कुणी वापरलं नाही. ते वापरलं सेल्वमनं.

सेल्वम माझ्या बाकावरचा. डबा उघडला की आधी माझ्या डब्यात हात घालायचा. त्याचं गाव मदुराईपासून लांब, कोरड्या मुलखात. वडिलांची मेंढरं होती. आम्ही आठवीत असताना ती विकली गेली. त्या आठवड्यात सेल्वम शाळेत आला नाही, आणि आला तेव्हा त्यानं माझ्या डब्यात हात घातला नाही. पुढं तो चेन्नईला गेला, सिनेमावाल्यांच्या हाताखाली राबला, आणि एक दिवस म्हणाला, मी माझा सिनेमा करतोय. अब्बा गेल्यावर भट्टी बंद करून मी तोवर गावी आलो होतो. फोनवर त्यानं गोष्ट सांगितली. एक म्हातारा मेंढपाळ, त्याची मेंढरं, आणि एका वर्षी न उगवलेलं गवत. मी विचारलं, "पुढं?" तो म्हणाला, "पुढं काही नाही. गवत येत नाही."

ज्यांच्याकडं तो गेला ते सगळे एकच विचारत, "यात आहे कोण?" नट कोण, असं त्यांना म्हणायचं असे. सेल्वम म्हणे, "मेंढरं." मग चहा यायचा, तो पिऊन हा बाहेर पडायचा. शेवटी मित्रांनी, मामानं, कॅमेरावाल्याच्या बहिणीनं थोडं थोडं घातलं आणि काम सुरू करायचं ठरलं. तर त्याचं गाव आड आलं. तिथं कालवा आला होता, सगळं हिरवंगार. लहानपणीचा तो करपलेला मुलूख उरलाच नव्हता. मी त्याला सहज जतकडच्या माळाचा एक फोटो पाठवला होता. त्यानं लगेच फोन केला. "हे कुठं आहे? हे तर माझं गाव आहे."

म्हणून सहा वर्षांपूर्वीच्या माघात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या जतच्या एका वाडीत एक तमिळ सिनेमा घडला. अकरा माणसं, एक कॅमेरा, आणि मायाप्पाची सहासष्ट मेंढरं.

ती सुगी माझ्या अंगात अजून आहे. सकाळी उठलं की ज्वारीच्या रानात बायका ओळीनं धाटं उपटत असायच्या. उपटताना येणारा तो 'खस्स' आवाज, मुळांना चिकटून आलेली काळी माती, ती पायावर आपटून झाडायची. आमचा ध्वनिवाला तो आवाज घ्यायला रांगेच्या मागं मागं कानाला यंत्र लावून फिरे. बायका पदर तोंडाला लावून हसत. एकीनं मला विचारलं, "आवं, ह्यास्नी कमी ऐकू येतंय व्हय?" पाणी टँकरनं यायचं आणि टँकर आला की शूटिंग थांबायचं, कारण अर्धे लोक घागरी घेऊन पळायचे. चेन्नईची पोरंही मग घागरी धरायला लागली. दुपारी सगळ्यांनी मिळून भाकरी, ठेचा आणि कांदा खायचा. सेल्वम भाताचा माणूस. पहिल्या दिवशी भाकरीकडं त्यानं संशयानं बघितलं, आणि चौथ्या दिवशी मायाप्पाच्या बायकोला, लगमव्वाला, तो खुणेनं आणखी एक मागत होता.

मायाप्पा तेव्हा सत्तरीला आलेला. उंच, वाळका, डोक्याला लाल पटका. तो मेंढरांशी कानडीत बोले आणि माणसांशी मराठीत. त्यामुळं गंमत अशी की, तो मेंढरांना काय म्हणतो ते सेल्वमला निम्मं कळायचं, आणि माणसांना काय म्हणतो ते अजिबात नाही. मधे मी. सेल्वम तमिळमधून सांगे, "म्हाताऱ्यानं आभाळाकडं बघावं, पण आशेनं नको." मी मायाप्पाला सांगे, "मामा, वर बगा, पण पावसाची वाट बगितल्यावानी नगं." मायाप्पा म्हणे, "आता ह्या वयात वर बगायचं ते कशापायी? पावसाची वाट बगायची बंद करून लय दिस झालं." आणि बघायचा. सेल्वम माझा हात दाबायचा. ते तीन आठवडे मला दोन्ही भाषा लागत होत्या, आणि दोन्हीकडच्या लोकांना मी लागत होतो. इतका उपयोगी मी आयुष्यात त्याआधी नव्हतो आणि त्यानंतरही झालो नाही.

कागदाची गोष्ट त्यातच घडली. ती सांगायला मला आवडत नाही, पण तिच्याशिवाय हा माघ पुरा होत नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी सेल्वम एक प्लास्टिकची फाइल घेऊन माझ्याजवळ आला. सिनेमात जनावरं दाखवायची तर आधी परवानगी काढावी लागते, असं त्याला चेन्नईत कुणीतरी बजावलं होतं. मालकाची संमती, डॉक्टरचा दाखला, मेंढरं किती, त्यांच्याकडून काय करून घेणार, हे सगळं लिहून पाठवायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. फाइलमधले फॉर्म कोरेच होते. मायाप्पाची सही घेऊ आणि जतहून डॉक्टरला बोलावू, असं तो म्हणाला. मी त्याला अडवलं.

मायाप्पानं आम्हाला नुसतं "या" म्हटलं होतं. असा शब्द मिळाल्यावर वर कागद पुढं केला तर आमच्याकडचा माणूस दुखावतो, असं मी त्याला समजावलं. आणि मी पडलो गलाईवाल्याचा पोरगा. अब्बांच्या भट्टीत बाया रुमालात बांधून अंगावरचं सोनं आणून देत आणि चोख करून घेऊन जात. कागद नाही, पावती नाही. एकदा एका नव्या माणसानं पावती मागितली. अब्बांनी ती मुकाट लिहून दिली, पण त्या दिवशी ते दुपारचं जेवले नाहीत. हे डोक्यात घेऊन वाढलेला मी. सेल्वमला नेमकं काय म्हणालो ते आता आठवत नाही. कागद नको म्हणालो, आणखीही काही म्हणालो असेन. आमच्या बोलण्यानं एक शॉट बिघडला म्हणून ध्वनिवाल्यानं वैतागून हात वर केला, तेवढं आठवतं. आम्ही दोघं हसलो. फाइल जीपमध्ये परत गेली.

निघायच्या दिवशी मायाप्पानं विचारलं, "ह्यो पिच्चर आमाला कवा दिसायचा?"

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मामा, झाला की पयला तुमाला दावतो. माजा शब्द."

"मग काय काळजी न्हाई," तो म्हणाला आणि मेंढरांमागं गेला.

उन्हाळ्यात मी चेन्नईला गेलो. मायाप्पाच्या ओठांवर मराठी होती, तिच्या जागी तमिळ बसवायची होती. आधी एक धंदेवाईक आवाजाचा माणूस आणला होता, पण त्याचा मेंढपाळ एखाद्या राजासारखा बोलायला लागला. शेवटी सेल्वम म्हणाला, "दस्तगीर, तूच बोल. त्याचा श्वास कुठं संपतो ते तुला ठाऊक आहे." भिंतींना गाद्या लावलेल्या एका कोंदट खोलीत मी चार दिवस उभा राहिलो. समोरच्या पडद्यावर मायाप्पाचं तोंड हलायचं आणि त्यात मी माझी भाषा घालायचो. मायाप्पा "आरं" म्हणून थांबला की मीही थांबायचो. चौथ्या दिवशी मला वाटायला लागलं, की मी म्हातारा झालो तर असाच बोलेन, याच भाषेत, अशाच मेंढरांशी.

सिनेमा झाला. घडवताना जे हाल झाले ते हाल नव्हतेच, हे नंतर कळलं. नाव दोनदा बदलावं लागलं, कारण ते नाव आधीच कुणीतरी नोंदवून ठेवलेलं. मग सेन्सॉरच्या प्रमाणपत्राला पाठवला, आणि पहिला प्रश्न आला मेंढरांचा. परवानगीचा कागद कुठाय?

सेल्वमचा फोन आला तेव्हा ऊसतोड चालू होती. मायाप्पा कळपासकट जत सोडून ऊसपट्ट्यात उतरला होता. मी दोन दिवस त्याला शोधत हिंडलो, आणि कडेगावच्या पुढं, नुकत्याच तोडून मोकळ्या झालेल्या एका फडात तो सापडला. शेतकऱ्यानं लेंडीखतासाठी कळप बसवून घेतला होता. मेंढरं पाचटात तोंड घालून उभी होती. मी लाजत, अडखळत सांगितलं, "मामा, एक कागद पायजे. मेंढरं तुमचीच हायत आन् त्यास्नी काय तरास झाला न्हाई, असं लिवून."

"माजी न्हाईत तर काय तुज्या बाची हायत व्हय?" तो हसला आणि हात पुढं केला. "आण, सही करतो."

मी विचारलं, "तुमाला वाईट न्हाई वाटलं?"

"वाईट कशाचं? बँकेत सया करतूय, फारेस्टात करतूय, इम्याला करतूय. चवथी शिकलूया मी." त्यानं माझंच पेन घेऊन ठळक, गोल अक्षरांत सही केली. मग पेन परत देताना म्हणाला, "तवाच का न्हाई घेतलीस रं? तवा बी मीच हुतो आन् म्हेंढरं बी हीच हुती."

जो माणूस कागदानं दुखावणार म्हणून मी सेल्वमला अडवलं, तो माणूस माझ्याच डोक्यातला होता. अब्बांचा मान मी उगीचच मायाप्पाच्या अंगावर घातला होता.

ती सही कामाला आली नाही. हे सगळं शूटिंगच्या आधी व्हायला हवं होतं, असं उत्तर आलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. मेंढरं काढा, नाहीतर सिनेमा तसाच पडू द्या. ज्यांनी थोडं थोडं घातलं होतं ते सगळे वाट बघत होते. सेल्वमनं मेंढरं काढली. एकेक शॉट करत सगळा कळप सिनेमातून बाहेर गेला. जे उरलं त्यात एक म्हातारा रिकाम्या माळावर हिंडतो आणि कुणाला तरी हाका मारतो. कुणाला ते दिसत नाही.

त्या उरलेल्या सिनेमालाही पडदा मिळेना. मोठ्या नटाचे सिनेमे सगळी थेटरं धरून बसलेले. शेवटी मदुराईत एका थेटरानं आठवड्यातल्या मधल्या वारी सकाळचा एक खेळ दिला. मी विट्याहून गेलो. थेटरात आम्ही नऊ जण. सेल्वमची आई नवी साडी नेसून आलेली. हल्ली सिनेमा रिळांतून येत नाही, कुलूपबंद होऊन येतो आणि त्याची किल्ली कॉम्प्युटरवरून पाठवतात, ठरल्या वेळेपुरती. आमची किल्ली आली नाही. आम्ही पांढऱ्या पडद्याकडं बघत बसलो. पंखे फिरत होते. किल्ली आली तेव्हा आमची वेळ संपली होती आणि बाहेर मोठ्या नटाच्या सिनेमाला रांग लागली होती. आईनं विचारलं, "संपला का?" सेल्वम म्हणाला, "संपला, अम्मा."

पुढं फोनवर सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्यांकडं तो गेला. तिथंही तोच प्रश्न, यात आहे कोण? आणि दुसरा, किती थेटरांत लागला होता? पहिल्याला त्याच्याकडं आता "मेंढरं" हे उत्तरही उरलं नव्हतं.

त्या दिवशी थेटराबाहेर उभं राहून मी त्याला म्हणालो, "माझ्यामुळं झालं." तो म्हणाला, "परवाइल्ले." म्हणजे, असू दे, काही हरकत नाही. एवढंच. त्यानं मला शिव्या घालायला हव्या होत्या. शाळेत घालायचा तशा, बाकावर चढून. शिव्या घातल्या असत्या तर आम्ही भांडलो असतो, मग कुठंतरी जेवायला गेलो असतो. परवाइल्ले म्हटल्यावर करण्यासारखं काही राहत नाही. आमचे फोन महिन्यावर गेले, मग ईदेला आणि पोंगलला, मग नुसत्या हात जोडलेल्या चित्रांवर आले. तो आता लग्नांच्या चित्रफिती जोडून देतो, असं कुणाकडून तरी कळलं. मी इथं फॉर्म विकतो. सहीची जागा पेन्सिलीनं फुली मारून दाखवतो. "इथं सही करा, राहिली तर काम अडंल," असं दिवसातून पन्नासदा सांगतो. लोकांना वाटतं, हा माणूस कागदाला लय जपतो.

आणि मायाप्पाला दिलेला शब्द तसाच राहिला. काय दाखवणार होतो? स्वतःची मेंढरं काढून टाकलेला स्वतःचा सिनेमा? पाच सुग्या आल्या आणि गेल्या. जतकडं काम निघालं की मी दुसऱ्याला पाठवी. कडब्याची गाडी पाटीला घासून गेली की वाटे, ही गाडी त्याच्या वाडीवरून आली असेल, आणि गाडीवानाला त्यानं विचारलं असेल, विट्याचा तो दस्तगीर दिसला तर सांग म्हणून.

या माघात एक पार्सल आलं. आत एक छोटी हार्ड डिस्क आणि त्याच परवानगीच्या एका फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर तमिळमधली एक ओळ. 'सगळा आहे. मामाला दाखव.' खाली सहीसुद्धा नव्हती. पण अक्षर मला ओळखू आलं, बाकावर कोरायचा तेच. दुकानात गर्दी होती. मी मशीन बंद केलं आणि लोकांना म्हणालो, "आज बंद." शमाला लॅपटॉप मागितला. तिनं तो पिशवीत घालून दिला आणि बरोबर भाकरी दिली.

वाडीत पोचलो तेव्हा दुपार होती. मायाप्पा कडब्याची गंजी रचत होता, खाली बसून, कारण गुडघे गेलेले. मेंढरं विकली होती. दारात फक्त दोन शेळ्या. मला बघून त्यानं कपाळावर हात धरला. "आलास व्हय? मला वाटलं, पिच्चर अजून शिजतुयाच." मी पाया पडायला वाकलो तर म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. आणलायस का?"

घरात वरून पत्रा आणि पत्र्याला भोकं, सगळीकडं ऊन. बाहेर तर काय विचारायलाच नको. लॅपटॉपच्या पडद्यावर आमच्याच दोघांची तोंडं दिसायला लागली. लगमव्वा म्हणाली, "घोंगडं घ्या की." मग आम्ही गंजीच्या सावलीला बसलो आणि तिनं आमच्या दोघांच्या डोक्यावरून काळं घोंगडं टाकलं. आत एकदम अंधार, लोकरीचा उग्र वास, मायाप्पाच्या श्वासाची घरघर. मी बटण दाबलं. सहा वर्षं पडदा शोधणारा सिनेमा एका घोंगड्याखाली सुरू झाला, दोन माणसांसाठी.

माझा समज होता, तो स्वतःकडं बघेल. त्यानं स्वतःकडं बघितलंसुद्धा नाही. कळप माळावरून खाली उतरला आणि त्याचं बोट पडद्यावर गेलं. "ही बांडी. ही इकली. ही मोरी, लांडग्यानं नेली. ही भुंडी, लय खोडील. ही लगमीची लाडकी, पावसात गेली. ही बग, ही बग, हिचं कोकरू मी पोटाशी धरून आणल्यालं." तो बोट फिरवत राहिला, ओठ हलत राहिले. मधेच त्याचं पडद्यावरचं तोंड बोलायला लागलं आणि त्यातून माझी तमिळ बाहेर पडली. त्याचं बोट थांबलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाला, "माज्या त्वांडात तूच हायस न्हवं?"

"व्हय मामा."

"चांगलं बोलतुयास. मऊ." आणि पुन्हा मेंढरांत गेला.

घोंगड्याखाली मी रडलो. त्याला दिसलं नाही, किंवा दिसलं असेल. कितीतरी दिवसांनी माझी तमिळ कुणीतरी ऐकत होतं, आणि तिला हसत नव्हतं.

संपल्यावर त्यानं घोंगडं बाजूला केलं. उन्हानं दोघांचेही डोळे मिटले. मला वाटलं, आता तो काहीतरी मोठं बोलेल. तो म्हणाला, "एक कमी हाय."

"काय?"

"म्हेंढी. पासष्टच आली. काळकानी न्हाई त्यात. एक कान काळा, दुसरा पांढरा. कळपातच हुती ती, मला सोडून कुटं जाईत नव्हती. इचार त्या गड्याला, कुटं घालीवली?"

मी सेल्वमला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मग मी आवाजाचा निरोप ठेवला. वाडीबाहेर, मोकळ्या रानात उभा राहून, मोठ्यानं, तमिळमध्ये बोललो. मामानं बघितला. सगळी मेंढरं नावानिशी ओळखली. एक कमी आहे म्हणतात, काळ्या कानाची. ती कुठं आहे? एवढं बोलल्यावर आणखी काही बोलावंसं वाटलं, माफ कर वगैरे. पण जमलं नाही. रानात ज्वारी उपटून झालेली होती आणि सगळीकडं नुसती मऊ माती होती.

निरोप त्यानं ऐकल्याची खूण त्याच दिवशी दिसली. उत्तर नाही आलं. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. मी गिऱ्हाइकांसमोरही फोन उलटा ठेवायचं बंद केलं. नवव्या दिवशी, एका आजोबांचा पेन्शनचा फॉर्म भरत असताना फोन थरथरला. शब्द एकही नाही, नुसता दहा-अकरा सेकंदांचा एक तुकडा.

काळकानी. एकटीच, कॅमेऱ्यासमोर, ज्वारीचं पान चघळत. मागं कुणीतरी तमिळमध्ये विचारतंय, "मग कागद?" तो सेल्वम. आणि दुसरा आवाज, तरणा, बेफिकीर, हसरा. तो मी. "कागद कशाला? मी आहे ना." त्या आवाजानं काळकानी मान वर करते आणि सरळ कॅमेऱ्याकडं, म्हणजे आमच्याकडं बघते. ध्वनिवाल्याचा हात चौकटीत येतो. तुकडा संपतो.

तिचा तो एकच शॉट माझ्या आवाजानं बिघडला होता म्हणून ती सिनेमात नव्हती. त्यानं तो टाकून दिला नव्हता. सहा वर्षं जपला होता. मला ठोसा मारायला पाठवला की मिठी मारायला, हे मी किती वेळा बघूनही मला ठरवता आलं नाही. आजोबा म्हणाले, "अवो, सही कुटं करू?" मी बोट कुठंतरी ठेवलं. त्यांनी तिथं केली. चुकीच्या जागी.

रविवारी मी पुन्हा वाडीला गेलो. मायाप्पा गंजीच्या शेवटच्या पेंढ्या वर देत होता. मी फोन त्याच्या डोळ्यांजवळ धरला आणि दुसऱ्या हातानं सावली केली. त्यानं बघितलं. "आली," तो म्हणाला. "आता समदी आली. कळीव त्याला."

मी तिथंच उभा राहून सेल्वमला लिहिलं, 'सगळी आली, म्हणतायत मामा.' तमिळ अक्षरं बोटांना अजून येत होती.

"आन् ह्यो तुजाच आवाज न्हवं, मागचा?" मायाप्पानं विचारलं. "काय म्हणतुयास तितं?"

"मी म्हणतोय, कागद कशाला, मी हाय न्हवं."

मायाप्पानं माझ्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं, विकायला आणलेल्या मेंढीकडं बघतात तसं.

"मग, हायस की," तो म्हणाला. आणि एक पेंढी माझ्या हातात देऊन गंजीकडं वळला.